कनेक्टेड गाडी : स्वरूप, उपयोग आणि नूतनीकरण

ज्या मोटारीत कारखान्यातूनच एक सिमकार्ड बसवून आलेले असते आणि त्याच्या जोरावर जी मालकाशी मोबाइलवरून संबंध ठेवते, तिला कनेक्टेड कार म्हणतात. हे सिम मालकाला काढता येत नाही, दुसऱ्या कंपनीचे घालता येत नाही आणि त्यावर सासरच्यांचा फोनही येत नाही. भारतात यंत्रांच्या अशा सिमला तेरा आकडी नंबर असतो, म्हणजे माणसाच्या नंबरपेक्षा तीन आकडे जास्त. मालकाच्या फोनवर कंपनीचे ॲप असते. त्यातून दारे लावता आणि उघडता येतात, एसी आधीच सुरू करून ठेवता येतो, गाडी कुठे उभी आहे, टाकीत पेट्रोल किती आहे, टायरमध्ये हवा किती आहे, हे घरबसल्या पाहता येते. ही सेवा सुरुवातीची काही वर्षे, बहुधा तीन, फुकट असते. पुढे सबस्क्रिप्शन घ्यावे लागते. ते न घेतल्यास गाडी पूर्वीसारखीच धावते, फक्त मालकाशी बोलायचे सोडते. काही मालकांना हा अबोला परवडतो.

या व्यवस्थेत निरोप कोणत्या वाटेने जातो, हे मालकांपैकी फार थोड्यांना माहीत असते. गाडीपासून चार हातांवर उभे राहून मालक ॲपमध्ये 'लॉक' दाबतो, तेव्हा त्याला वाटते की आपण गाडीला हुकूम सोडला. हुकूम गाडीकडे जातच नाही. तो टॉवरवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातो. सर्व्हर आधी मालकाची ओळख पटवतो, त्याचे पैसे भरलेले आहेत का ते बघतो आणि मग गाडीतल्या टेलिमॅटिक्स युनिटला, म्हणजे सिम बसवलेल्या यंत्राला, उठवतो. हे युनिट झोपलेले असते, कारण ते जागे राहिले तर गाडीची बॅटरी उतरेल. उठलेले युनिट गाडीच्या अंतर्गत वायरिंगवरून दाराच्या कुलपाला निरोप देते. कुलूप लागते, तशी खबर त्याच वाटेने परत येते आणि फोनवर 'विनंती यशस्वी' अशी अक्षरे उमटतात. नशीब चांगले असेल तर हे सारे काही सेकंदांत उरकते. खिशातली किल्ली हेच काम डोळ्याचे पाते लवायच्या आत करते, पण त्यासाठी तिला कोणाला विचारावे लागत नाही, म्हणून तिची जाहिरात होत नाही.

या वाटेचा खरा कस तळघरात लागतो. बहुतेक ॲपमध्ये गाडी शोधण्याची एक सोय असते : बटण दाबले की गाडी हॉर्न वाजवते आणि दिव्यांची उघडझाप करते. गाडी हरवते ती मॉलच्या दुसऱ्या तळघरात, आणि दुसऱ्या तळघरात रेंज नसते. रविवारी संध्याकाळी पुण्यातल्या कोणत्याही मोठ्या मॉलमध्ये 'बी-टू'वर उतरले, तर एखादे गृहस्थ एका हातात कपड्यांच्या पिशव्या आणि दुसरा हात दिंडीतल्या पताकेसारखा उंच करून फिरताना दिसतात. त्या हातात फोन असतो आणि फोनवर एक चक्र गरगरत असते. रेंज मिळावी म्हणून ते रॅम्पवरून वर येतात. वर फोनला रेंज मिळते, पण खाली गाडीला ती मिळालेली नसते. ॲप अदबीने कळवते, की वाहनाशी संपर्क होऊ शकला नाही. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा. तोवर बरोबरच्या आजींनी 'सी-चौदा, निळा खांब' असे दोनदा सांगून झालेले असते. उतरतानाच त्यांनी तो वाचून ठेवलेला असतो. पण सेवा सुरू असताना आजींचे ऐकणे हा पैशाचा अपव्यय ठरतो, म्हणून आणखी दहा मिनिटे जातात.

मूळ कल्पना अमेरिकेतली आणि दिसते त्यापेक्षा जुनी आहे. जनरल मोटर्सने १९९६ साली कॅडिलॅक गाड्यांसाठी 'ऑनस्टार' नावाची सेवा आणली. तेव्हा ॲप नव्हते, कारण ते ठेवायला तसा फोन नव्हता. गाडीत एक बटण होते आणि ते दाबले की पलीकडे माणूस बोलायचा. किल्ली आत राहिली तर तो दुरूनच दार उघडून द्यायचा. एअरबॅग फुगली तर आपण होऊन 'बरे आहात ना' अशी चौकशी करायचा. माणसाला पगार द्यावा लागतो, म्हणून सेवेला वर्गणी होती. पुढे बहुतेक कामांतून माणूस गेला, वर्गणी मात्र राहिली.

या धंद्यातला पहिला मोठा धडाही ऑनस्टारनेच दिला. सुरुवातीची यंत्रे ॲनालॉग मोबाइल जाळ्यावर चालत. २००८च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या मोबाइल कंपन्यांवरचे ते जाळे चालू ठेवण्याचे बंधन संपले. ज्या गाड्यांतली यंत्रे बदलता येण्याजोगी नव्हती, त्यांची बटणे मुकी झाली. इंजिन, ब्रेक, सीट सगळे धडधाकट होते, पण गाडीच्या पोटातल्या फोनचे आयुष्य संपले होते. गाडी पंधरा वर्षे टिकते आणि मोबाइलची पिढी दहा वर्षांत म्हातारी होते. या दोघांचे लग्न लावताना पत्रिका कोणीच पाहिली नव्हती. २०२२ साली तिकडे थ्री-जी बंद झाले, तेव्हा हाच प्रकार नव्याने घडला.

भारतात हे वारे २०१९ साली आले आणि आले ते तीन महिन्यांच्या काळात तीनदा : मे महिन्यात ह्युंदाई व्हेन्यू, जूनमध्ये एमजी हेक्टर, ऑगस्टमध्ये किआ सेल्टोस. व्हेन्यूत ३३ कनेक्टेड फीचर्स होती, सेल्टोसमध्ये ३७, हेक्टरमध्ये ५०हून अधिक. ही मोजणी कोण आणि कशी करतो, हे कोणी विचारले नाही. दार लावणे हे एक आणि दार उघडणे हे दुसरे धरले, तर नुसत्या चार दारांत पुष्कळ मजल मारता येते. हेक्टरच्या अंगावर तर 'इंटरनेट इनसाइड' असा बिल्लाच होता. त्यामुळे गाडीच्या आत काय आहे, हे सिग्नलला शेजारी थांबलेल्या रिक्षावाल्यालाही कळू लागले. मागोमाग टाटांचे 'आयआरए', महिंद्रांचे 'ॲड्रेनॉक्स', मारुतीचे 'सुझुकी कनेक्ट' अशी नावे रुळली. यांपैकी काही गाड्या चाकणला आणि रांजणगावला तयार होतात. पुणेकराच्या गाडीचे माहेर वाहतूक नसेल तर तासाभरावर असते. सर्व्हर मात्र कोणत्या गावी आहे, हे शोरूमच्या मॅनेजरलाही सांगता येत नाही.

गाडीशी तोंडी बोलण्याची सोय हा याचाच एक भाग. हेक्टरच्या २०२१च्या आवृत्तीत हिंग्लिश आज्ञा आल्या, आणि छतावरची काच 'खुल जा सिम सिम' म्हटल्यावर उघडू लागली. काही गाड्यांना आता मराठीही कळते. ती प्रमाण मराठी असते, एवढीच अडचण. 'काच खाली कर' हे गाडी ऐकते, पण 'काच जरा खाली झाली तर माणसं जिवंत राहतील' या वाक्यातली आज्ञा तिला सापडत नाही, आणि घरोघरी बोलली जाते ती दुसरीच.

सेवेची सुरुवात डिलिव्हरीच्या दिवशी होते, आणि डिलिव्हरी बहुधा पाडव्याला किंवा दसऱ्याला घेतली जाते. शोरूममध्ये गाडीवर लाल सॅटिनचे कापड असते. ते ओढून काढण्याचा फोटो होतो, हार घातला जातो, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक निघते, चाकांखाली चार लिंबे ठेवली जातात. मग सेल्समन म्हणतो, "सर, फक्त पाच मिनिटं, ॲप ॲक्टिव्हेट करून घेऊ." ॲप उतरवायला वायफाय लागते. शोरूमचे वायफाय त्या दिवशी तीस गिऱ्हाइके वापरत असतात. ॲप उतरते, नंबर घातला जातो, ओटीपी येत नाही. दुसऱ्यांदा मागवला की पहिला येतो, आणि तो बाद झालेला असतो. मग कळते, की बुकिंग मुलाने केले होते आणि नंबर त्याचा नोंदला गेला आहे. मुलगा हिंजवडीला मीटिंगमध्ये आहे. मुहूर्त साडेअकरापर्यंतच असतो. नारळ हातात घेऊन उभे असलेले काका गाडीला एक प्रदक्षिणा घालतात, मग दुसरी घालतात. शेवटी काकू निकाल देतात, "अहो, फोडा तो नारळ. तुमचा ओटीपी मागाहून येईल." गाडी लिंबांवरून पुढे सरकते आणि ॲप दुपारी पुरणपोळीच्या वेळी सुरू होते.

पन्नास सोयींपैकी घरात खऱ्या वापरात राहतात त्या तीन किंवा चार. पहिली म्हणजे एसी. मे महिन्यात नागपूर किंवा जळगावला उन्हात उभ्या गाडीचे स्टिअरिंग हाताला चटका देते, तेव्हा ऑफिसच्या लिफ्टमधूनच एसी सुरू करणे ही चैन राहत नाही. एवढ्या एका सोयीसाठी पैसे मोजणाऱ्यांना नावे ठेवता येणार नाहीत. शेजाऱ्याच्या देखत गॅलरीतून फोनवर इंजिन सुरू करणे आणि 'अगं, आपली गाडी सुरू झाली बघ' असे मोठ्याने म्हणणे हा याचाच पोटप्रकार. तो पहिले दोन महिने टिकतो.

दुसरी सोय पाळतीची. कंपन्या तिला सुरक्षितता म्हणतात. नकाशावर एक गोल काढायचा. गाडी त्याच्या बाहेर गेली की फोन वाजतो. याला जिओफेन्स म्हणतात. वेगाची मर्यादा घालता येते, रात्री अमुक वाजल्यानंतर गाडी निघाली तर कळवण्याची व्यवस्था करता येते, आणि व्हॅले पार्किंगवाल्याने गाडी कुठे नेली तेही दिसते. ही सारी योजना चोरांसाठी आहे असे पुस्तिकेत छापलेले असते. प्रत्यक्षात पकडली जातात ती घरची माणसे. 'प्रोजेक्टला जातोय, वाकडला मित्राकडे' असे सांगून निघालेला मुलगा खंडाळ्याच्या घाटात असल्याचे वडिलांना जेवणाच्या टेबलावर कळते. वडील जुन्या वळणाचे असतील तर लगेच फोन करतात. नव्या वळणाचे असतील तर काहीच बोलत नाहीत, मुलगा परत आल्यावर 'काय, वाकडला पाऊस होता का रे?' एवढेच विचारतात. मुलेही शिकतात. गाडी खरोखरच वाकडला उभी राहते आणि खंडाळ्याला मित्राची जाते.

पाळत उलट्या दिशेनेही चालते. सिएटलमध्ये राहणारा मुलगा दिवाळीत येऊन वडिलांच्या गाडीचे ॲप स्वतःच्याही फोनवर टाकून जातो. त्यानंतर कोथरूडमधल्या त्या गाडीचे चाक फिरले की अमेरिकेत खबर लागते. "बाबा, काल रात्री साडेदहाला गाडी कुठे नेली होतीत? रात्री चालवायची नाही असं ठरलं होतं ना आपलं?" वडील बालगंधर्वला नाटकाला गेलेले असतात. ज्या माणसाने आयुष्यभर कोणाला हिशेब दिला नाही, तो पंचाहत्तराव्या वर्षी नाटकाला रिक्षाने जाऊ लागतो. मुलाला ॲपवर गाडी जागची हललेली दिसत नाही आणि तो निश्चिंत होतो. मग एके दिवशी ॲप कळवते, की बॅटरी उतरत आली आहे. गाडी फार दिवस उभी राहिल्याचा हा परिणाम असतो.

तिसरी गोष्ट गुणपत्रिका. प्रत्येक फेरीनंतर ॲप चालकाला शंभरपैकी मार्क देते. जोरात ब्रेक दाबला, झटक्याने वेग घेतला, रात्री उशिरा गाडी चालवली की मार्क कापले जातात. लक्ष्मी रोडवर संध्याकाळी पैकीच्या पैकी मार्क मिळवणारा माणूस जन्मायचा आहे. समोरून अचानक रिक्षा वळते, ब्रेक दाबावा लागतो, मार्क जातात. ब्रेक न दाबता रिक्षात घुसल्यास ब्रेकचे मार्क शाबूत राहतील. ही गुणपत्रिका विनोदी वाटते, पण तिला गिऱ्हाईक आहे. भारतीय विमा नियामकाने जुलै २०२२मध्ये 'गाडी किती चालवता' आणि 'कशी चालवता' यांवर हप्ता ठरवणाऱ्या पूरक योजनांना परवानगी दिली. अमेरिकेत ही गोष्ट परवानगीची वाट न पाहताच पुढे गेली होती. जनरल मोटर्सच्या गाड्यांतला 'स्मार्ट ड्रायव्हर' चालकांच्या ब्रेकांचा आणि रात्रीच्या फेऱ्यांचा हिशेब माहिती विकणाऱ्या कंपन्यांना देत होता आणि तो विमा कंपन्यांपर्यंत पोचत होता. न्यू यॉर्क टाइम्सने मार्च २०२४मध्ये हे उघडकीला आणले. हप्ता एकाएकी का वाढला, म्हणून कोड्यात पडलेल्या माणसांना उत्तर त्यांच्याच गाडीने दिले होते. तिकडच्या व्यापार आयोगाने पुढच्या जानेवारीत कंपनीला अशी माहिती पाच वर्षे पुरवण्यास मनाई करणारा आदेश प्रस्तावित केला.

तीन वर्षे संपत आली की ॲपमधून सूचना येऊ लागतात. आधी महिनाभर, मग आठवडाभर, मग रोज. घरात चर्चा होते. तोवर ॲपचा पासवर्ड कोणालाच आठवत नसतो, पण सेवा बंद पडणार म्हटल्यावर ती जीवनावश्यक वाटू लागते. पैशापेक्षा तत्त्व मोठे असते. वीस लाखांची गाडी रोखीने किंवा कर्जाने घेतली, आरसी आपल्या नावावर आहे, मग स्वतःच्याच गाडीचा एसी लावायला वर्गणी कसली?

मुंबईच्या जुन्या चाळीत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याने पागडी पाहिलेली असते. पागडीत भाडेकरू एकरकमी मोठा पैसा मोजतो, शिवाय दरमहा भाडेही देतो. घरात तीन पिढ्यांची लग्ने लागतात, भिंतींना रंग भाडेकरूच लावतो, आणि जागा दुसऱ्याला द्यायची वेळ आली की घरमालक आपला हिस्सा मागायला हजर होतो. मोटार उद्योगाला ही पद्धत शंभर वर्षांनी सुचली. हिश्शाचा भागही सुटलेला नाही. २०१९च्या अखेरीस अमेरिकेत एका वितरकाने लिलावात जुनी टेस्ला घेतली आणि तिच्यातल्या स्वयंचलनाच्या महागड्या सोयींसह एका गिऱ्हाइकाला विकली. टेस्लाने दुरूनच त्या सोयी काढून घेतल्या, कारण नव्या मालकाने त्यांचे पैसे कंपनीला दिलेले नव्हते. वर्तमानपत्रांत आल्यावर त्या परत मिळाल्या.

पागडीचे सर्वांत प्रामाणिक रूप भारतातच दिसते. सप्टेंबर २०२४मध्ये आलेली एमजी विंडसर ही विजेवरची गाडी ९.९९ लाखांना जाहीर झाली, ती बॅटरी सोडून. बॅटरी भाड्याने, तेव्हा किलोमीटरमागे साडेतीन रुपये. इथे निदान काही लपवलेले नाही, आणि ज्यांना सुरुवातीला मोठी रक्कम जमत नाही त्यांची खरोखर सोय होते. मात्र हिशेबी माणसाच्या हातात असा आकडा देणे धोक्याचे असते. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला जाऊन-येऊन दोन किलोमीटर, म्हणजे सात रुपये भाडे. जुडी पंधराची, म्हणजे बावीसला पडली. असा हिशेब मांडला की घरातली माणसे चालायला लागतात, आणि हा उपयोग जाहिरातीत सांगितलेला नाही.

गाडीत वस्तू बसवून ठेवायची आणि ती वापरू देण्याचे पैसे घ्यायचे, या कल्पनेची परीक्षा परदेशांत झाली. बीएमडब्ल्यूने २०२२मध्ये काही देशांत गरम होणाऱ्या सीटसाठी मासिक वर्गणी लावली. दक्षिण कोरियात ती महिन्याला सुमारे १८ डॉलर होती, ब्रिटनमध्ये १५ पौंड. तार सीटखाली आधीच होती, तिचे वजन गाडी रोज वाहत होती, तिच्यासाठी इंधन मालक जाळत होता. ऊब मात्र पैसे भरल्यावर. लोकांनी एवढा गदारोळ केला, की पुढच्या वर्षी कंपनीने हा नाद सोडला. हीच युक्ती विदर्भात थंड हवेच्या सीटवर केली असती, तर गदारोळाऐवजी मोर्चा निघाला असता. टोयोटाने अमेरिकेत आणखी बारीक काम केले होते. तिथल्या काही गाड्यांत किल्लीवरचे बटण दाबून दुरून इंजिन सुरू करता येई. ॲपच्या सेवेची मुदत संपली की किल्लीचे हे बटणही थांबायचे. किल्ली आणि गाडी यांच्यात ना टॉवर येतो ना सर्व्हर, तरी महिना ८ डॉलर भरले तरच किल्लीने गाडीला हाक मारायची. डिसेंबर २०२१मध्ये हे चव्हाट्यावर आले तेव्हा अनेक मालकांना प्रथमच कळले, की आपल्या खिशातली किल्ली हप्त्यावर आहे.

मर्सिडीजने तर काळच विकायला काढला. नोव्हेंबर २०२२मध्ये अमेरिकेत तिने आपल्या काही विजेच्या गाड्यांसाठी वर्षाला १,२०० डॉलरची योजना आणली. पैसे भरले की तीच मोटर जास्त जोर लावते आणि वेग घ्यायला लागणारा वेळ साधारण एका सेकंदाने घटतो. त्या वेळच्या दराने एका सेकंदाचे वार्षिक भाडे लाखाच्या घरात जाते. हा सेकंद खालापूरच्या टोलनाक्यावर कुठे वापरावा, हे कंपनीने सांगितलेले नाही. फोक्सवॅगनने २०२५मध्ये ब्रिटनमध्ये आयडी थ्रीसाठी असेच काही आणले : वाढीव जोर महिना १६ पौंड ५० पेन्सला, किंवा ६४९ पौंडांत आजन्म. आजन्म म्हणजे गाडीचा जन्म, मालकाचा नव्हे.

कुलूप कंपनीच्या हातात असते, म्हणून ते कधी कधी चांगल्या कामीही येते. सप्टेंबर २०१७मध्ये फ्लोरिडाकडे 'अर्मा' चक्रीवादळ येत होते आणि लोक गाड्या घेऊन पळत होते. टेस्लाच्या काही गाड्यांत मोठी बॅटरी बसवून तिचा काही भाग सॉफ्टवेअरने बंद ठेवलेला होता, कारण तेवढे पैसे मालकाने मोजले नव्हते. कंपनीने वादळाच्या टापूतल्या गाड्यांचा तो भाग काही दिवसांसाठी खुला केला आणि सुमारे ५० किलोमीटरचा पल्ला वाढला. सर्वांनी कौतुक केले. वादळ ओसरले आणि बॅटरी पुन्हा आकसली.

सर्व्हर आजारी पडतो तेव्हा काय होते, तेही पाहून झाले आहे. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी टेस्लाचे ॲप जगभर बंद पडले आणि केवळ फोनवर विसंबून बाहेर पडलेले लोक आपल्याच गाडीबाहेर उभे राहिले. नेटवर्कवरची बडबड चुकून वाढवली गेली असावी, असा खुलासा इलॉन मस्क यांनी केला. ज्यांच्या पाकिटात किल्लीचे कार्ड होते, ते दार उघडून घरी गेले. ब्रिटनमध्ये निसानने २०१९च्या मे महिन्यापूर्वीच्या लीफ गाड्यांचे ॲप टू-जी जाळे जाणार म्हणून बंद केले, आणि त्यासाठी २०२४चा १ एप्रिल हा मुहूर्त निवडला. फिस्कर ही अमेरिकी कंपनी तर त्याच वर्षी जूनमध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या शिल्लक गाड्यांपैकी सुमारे ३,००० न्यू यॉर्कच्या एका भाडेगाड्यांच्या कंपनीने घ्यायचे ठरवले. सौदा झाला आणि मग लक्षात आले, की या गाड्यांची माहिती फिस्करच्या सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येत नाही. गाड्या विकत मिळाल्या, त्यांचे कान कंपनीकडेच राहिले. सामान्य मालकांनी आपली संघटना काढली आणि गाडीच्या सॉफ्टवेअरची उकल स्वतःच सुरू केली.

जे दार कंपनीला दुरून उघडता येते, ते इतरांनाही येते. जुलै २०१५मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन सुरक्षा-संशोधकांनी घरात बसून महामार्गावरची चालती जीप चेरोकी ताब्यात घेऊन दाखवली. आत एक पत्रकार होता आणि त्याची संमती होती. एसी, रेडिओ, वायपर आणि शेवटी इंजिनचा जोर, सगळे त्यांनी सोफ्यावरून हाताळले. १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत मागवल्या गेल्या आणि इंटरनेटवरच्या या रोगाचे औषध मालकांना टपालाने पेन ड्राइव्हमधून धाडण्यात आले. पुढच्याच वर्षी सुरक्षा-संशोधक ट्रॉय हंट यांनी ऑस्ट्रेलियातून इंग्लंडमधल्या एका निसान लीफचा हीटर चालू केला. त्यासाठी पासवर्ड लागला नाही, फक्त गाडीचा चासी नंबर पुरला, आणि तो समोरच्या काचेतून कोणालाही वाचता येतो. ती गाडी त्यांच्या मित्राची होती, हे त्यातल्या त्यात बरे.

मोझिला फाउंडेशनने २०२३मध्ये २५ मोटार कंपन्यांची गोपनीयतेची धोरणे वाचून काढली. सगळ्या नापास झाल्या. दोन कंपन्यांच्या धोरणांत तर ग्राहकाच्या लैंगिक जीवनाची माहितीही गोळा होऊ शकते असे नमूद होते. ती गाडीला कशी कळावी याचा खुलासा मात्र नव्हता. त्याच वर्षी फेब्रुवारीत इलिनॉयमध्ये एक फोक्सवॅगन चोरीला गेली, आत दोन वर्षांचे मूल होते. पोलिसांनी गाडीचा ठावठिकाणा विचारला तेव्हा सेवा केंद्रावरच्या माणसाने सांगितले, की फुकट मुदत संपली आहे, आधी १५० डॉलर भरा. मूल सुखरूप सापडले. हा करारावर काम करणाऱ्या संस्थेचा गंभीर प्रमाद असल्याचे कंपनीने मान्य केले आणि पुढे नव्या गाड्यांना ही सेवा पाच वर्षे फुकट दिली. त्या माणसाला दोष देणे सोपे आहे, पण त्याच्यासमोरच्या संगणकावर बहुधा 'मुदत समाप्त' एवढेच लिहिलेले असणार.

शेवटचा विषय जुनी गाडी विकण्याचा. भारतात गाडी विकताना २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरावे लागतात, कर्ज असेल तर बँकेचा दाखला लागतो, विमा नव्या मालकाच्या नावावर करावा लागतो. आरटीओतला एजंट हे सगळे एका पिवळ्या पाकिटात घालून देतो. ॲपचे खाते या पाकिटात नसते. ते जुन्या मालकाने आपल्या फोनवरून सोडायचे असते, आणि तो पासवर्ड विसरलेला असतो किंवा फोन बदललेला असतो. न सोडल्यास त्याला नव्या मालकाच्या गाडीचे दार घरबसल्या उघडता येते, हॉर्न वाजवता येतो आणि गाडी रविवारी कोणाच्या घरासमोर उभी होती तेही दिसते. नवा मालक हेल्पलाइनला फोन लावतो. तिथली मुलगी गोड आवाजात सांगते, की नोंदणीकृत मालकानेच आपल्या नंबरवरून कॉल करावा. नवा मालक सांगतो, की आरसी आता त्याच्या नावावर आहे. ती सांगते, की आरसीची प्रत शोरूमला जाऊन द्यावी. शोरूम सांगते, की प्रत हेल्पलाइनला ईमेल करावी. तोवर गाडीची सर्व्हिसिंग जवळ आल्याचे आणि मागच्या डाव्या चाकात हवा कमी असल्याचे जुन्या मालकाच्या फोनवर नियमित येत राहते. भला माणूस असेल तर तो नव्या मालकाला फोन करून तेवढे कळवतो.